मोटारसायकल 'मिसिंग' करते तेव्हा

आपल्या वाचकांपैकी दोन प्रकारच्या लोकांचा मोटारसायकलशी रोजचा संबंध येतो. काही जण ती दुरुस्त करतात, आणि काहींची रोजी तिच्या कॅरिअरवर बांधलेली असते. पाववाले, कापडाचे गठ्ठे घेऊन खेडोपाडी जाणारे फेरीवाले, मासळी-कोंबडी पोचवणारे, नळाचे काम करणारे, रंगारी, सगळे यात आले. या दोन्ही बाजूंमध्ये सर्वांत जास्त वेळा बोलले जाणारे वाक्य म्हणजे, "उस्ताद, गाडी मिसिंग करतेय." हे ऐकताच पुष्कळ गॅरेजांत थेट पाना उचलला जातो. नुकसानीची सुरुवात तिथूनच होते, गिऱ्हाइकाच्याही आणि कारागिराच्याही.

माझ्या माहितीतल्या एका पाववाल्याची हकीकत सांगतो. शंभर सीसीची जुनी गाडी, मागे दोन मोठ्या टोपल्या. पहाटे चारला बेकरीतून माल उचलायचा आणि आठच्या आत पंधरा-वीस हॉटेलांत टाकायचा. गाडी पहिले पाच-सहा किलोमीटर ठीक चाले. पुढे प्रत्येक हॉटेलपाशी थांबली की स्लो पकडेना. रेस द्यावी तर अडखळे, बंद पडली की किक मारून मारून पाय दुखून येई. पहिल्या गॅरेजने प्लग बदलला. दुसऱ्याने कार्बोरेटरचे किट टाकले. तिसऱ्याने सीडीआय बदलून पाहिला आणि शेवटी सांगितले की ब्लॉक-पिस्टन गेला, बोरिंग करावे लागेल. तोपर्यंत तीन हॉटेलांनी दुसऱ्याकडून पाव घ्यायला सुरुवात केली होती. पावाचा धंदाच असा, की नाश्त्याची वेळ टळली की टोपलीतला माल तसाच परत येतो.

चौथ्या मिस्त्रीने पाना हातात घेतला नाही. त्याने विचारले, "कधी मिसिंग करते? थंड असताना की गरम झाल्यावर? उभी असताना की पळताना? आणि हे सुरू व्हायच्या आधी गाडीला कोणी काही केले होते का?" तेव्हा पाववाल्याला आठवले. महिनाभरापूर्वी इंजिनातून टिक टिक आवाज येतो म्हणून त्याने एकाकडून टॅपेट कसून घेतले होते. मिस्त्री म्हणाला, "गाडी रात्री इथेच राहू द्या." दुसऱ्या दिवशीची फेरी भाच्याच्या स्कूटरवर झाली. सकाळी थंड इंजिनाची टॅपेटची झाकणे उघडली, तर एक्झॉस्टच्या बाजूला फिलर गेजचे सर्वांत पातळ पानसुद्धा आत जाईना. मापाप्रमाणे गॅप ठेवली, झाकणे लावली, गाडी सुरू केली. नवा पार्ट एकही लागला नाही. व्हॉल्व्ह अजून जळला नव्हता हे नशीब.

या लेखात तोच प्रश्न धरून पुढे जाऊ. कधी मिसिंग करते?

लक्षणावरून जागा ओळखा

इंजिनाला नीट चालायला पेट्रोल व हवेचे बरोबर मिश्रण, वेळेवर आणि जोरदार ठिणगी, आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब लागतो. यांतले काय बिघडले ते लक्षणाची वेळ बऱ्याच अंशी सांगते.

उभ्या गाडीला स्लो पकडत नाही पण पळताना ती बरी चालते, तर संशय कार्बोरेटरच्या स्लो जेटवर, हवा चोरणाऱ्या जोडावर किंवा टॅपेटवर घ्यावा. अशा वेळी मेन जेट बदलून काही उपयोग नाही. याच्या उलट, स्लो उत्तम आहे पण वेग वाढवला की किंवा चढावर दम सोडते, तर पेट्रोल पुरेसे येत नाही किंवा हवा अडते. मग मेन जेट, पेट्रोलचा नळ व त्याची जाळी, आणि एअर फिल्टर पाहा. गरम झाल्यावरच त्रास देते, तर टॅपेट, इग्निशन कॉइल, पिकअप कॉइल, सीडीआय. फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर त्रास देते, तर प्लगची टोपी आणि तिची जाड वायर. आणि परवा पंपावर टाकी भरली तेव्हापासून बिघडली असे गिऱ्हाईक म्हणाले, तर ते खरे मानून आधी पेट्रोल तपासा.

एक बिघाड असा आहे की त्यात भलेभले फसतात. गाडी दहा-बारा किलोमीटर उत्तम जाते, मग धडपडून बंद पडते. पाच-दहा मिनिटे उभी केली की पुन्हा सुरू. गिऱ्हाईक म्हणते गरम होते, मिस्त्री कॉइल बदलतो. प्रत्यक्षात टाकीच्या झाकणातले हवेचे बारीक छिद्र धुळीने किंवा गंजाने बुजलेले असते. पेट्रोल खाली जाते पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, म्हणून प्रवाह थांबतो. पुढच्या वेळी बंद पडली की झाकण उघडून पाहायला सांगा. 'फुस्स' आवाज होऊन गाडी लगेच सुरू झाली तर निदान पक्के. झाकण साफ करायला फक्त हवा आणि थोडा वेळ लागतो. टाकीच्या वर पिशवी किंवा प्लास्टिकचे कव्हर घट्ट बांधणाऱ्या फेरीवाल्यांच्या गाड्यांत असाच प्रकार होऊ शकतो.

आणखी एक खात्री आधी करून घ्यावी. झटके खरोखर इंजिनाचेच आहेत का? गाडी डबल स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये ठेवा आणि हळूहळू रेस वाढवा. इंजिन इथे गुळगुळीत चालत असेल आणि रस्त्यावर ओझे घेऊन झटके येत असतील, तर मागचे चाक हाताने फिरवून चेन पाहा. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल अशी चेन, झिजलेली स्प्रॉकेटे किंवा चाकातले गेलेले रबर यांचे झटके गिऱ्हाइकाला मिसिंगसारखेच वाटतात.

प्लग काय सांगतो

प्लग काढण्याआधी त्याच्या भोवतीची माती हवेने उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी: फिल्टर कोंदलेला, चोक पूर्ण परत न गेलेला, कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई पेट्रोल न रोखणारी. ओलसर, तेलकट काळा म्हणजे इंजिनाचे ऑइल वर येते आहे, रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील पाहावे लागेल. पांढरा, भाजल्यासारखा म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. शिशाचे पेट्रोल आपल्याकडे २००० सालापासून बंद झाले आहे आणि आता त्यात इथेनॉलही असते, म्हणून जुन्या उस्तादांनी शिकवलेला गडद चॉकलेटी रंग आता शोधू नये. रंग पूर्वीपेक्षा फिकटच असतो.

जुन्या सीडी १०० आणि स्प्लेंडरमध्ये प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. दुसऱ्या गाड्यांची त्यांच्या पुस्तिकेत पाहावी. ठिणगी तपासताना प्लगची बॉडी इंजिनाच्या उघड्या धातूला नीट टेकवा आणि प्लगच्या भोकापासून लांब ठेवा, कारण किक मारताना तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. अर्थ न देता नुसती वायर हवेत धरून किक मारण्याची सवय सोडावी, त्यात सीडीआय जाऊ शकतो. ठिणगी निळसर आणि कडकडीत हवी. पिवळी, मरगळलेली असेल तर कॉइल मागवण्याआधी प्लगची टोपी उघडा. ती वायरवर आट्याने बसते. वायरचे टोक हिरवे पडलेले असते तिथे पाच-सहा मिलिमीटर कापून टोपी पुन्हा घट्ट फिरवा. मल्टिमीटर असेल तर टोपीचा रेझिस्टन्स मोजा, बहुतेक टोप्यांत तो पाच किलोओहमच्या आसपास असतो. कोकणातल्या पावसात चालणाऱ्या कितीतरी गाड्यांचा 'कॉइलचा' बिघाड इतक्यावर संपतो.

प्लग परत बसवताना आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा आणि मगच पाना लावा. नवा प्लग असेल तर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे. हेड ॲल्युमिनियमचे आहे. आटे गेले की वाचवलेले दोन मिनिटे फार महाग पडतात.

पेट्रोल, पाणी आणि इथेनॉल

कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून थोडे पेट्रोल पांढऱ्या काचेच्या बाटलीत घ्या. विडी-सिगारेट जवळ नको, इंजिन गरम नको. पूर्वी पाणी असेल तर मोत्यासारखे थेंब तळाशी वेगळे दिसत. आता थोडे पाणी इथेनॉलमध्ये मिसळून जाते आणि दिसत नाही. ते मर्यादेबाहेर वाढले की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, म्हणजे नेमके नळाच्या तोंडाशी. म्हणून बाटली हलवून थोडा वेळ उभी ठेवा. गढूळपणा किंवा दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करा. कार्बोरेटर धुऊन उपयोग नाही, तो पुन्हा भरेल.

देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉलचे प्रमाण जून २०२२मध्ये गाठले गेले. २० टक्क्यांच्या मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झाली, आणि २०२५पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचले. इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच शक्ती असते. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो आपल्या जेटच्या मापानेच इंधन सोडतो. त्यामुळे जुन्या गाडीत मिश्रण थोडे हलके पडते, स्लो किंचित डळमळते, ॲव्हरेज थोडे कमी येते. इतक्यासाठी गाडी उघडू नका, मिक्श्चर स्क्रू पुन्हा नीट लावला की बहुधा भागते. पण जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगलेले किंवा भेगाळलेले दिसले तर ते बदला. ठिबकणारे पेट्रोल गरम सायलेन्सरवर पडले तर काय होईल हे सांगायला नको. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचे कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे.

स्लो जेट साफ करताना तार घालू नका. पितळ मऊ असते, भोक मोठे झाले की गाडी कायमची पेट्रोल खाते. स्प्रे आणि हवेचा दाब वापरा. मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे झाले ते लिहून ठेवा, आणि बसवताना तितकेच फेरे बाहेर घ्या. मग इंजिन गरम करून थ्रॉटलच्या स्क्रूने स्लो ठेवा आणि मिक्श्चर स्क्रू थोडा थोडा फिरवत इंजिन सर्वांत स्थिर आणि जलद चालते ती जागा शोधा. त्यानंतर थ्रॉटल स्क्रूने वेग खाली आणा. शंभर सीसीच्या या गाड्यांना मिनिटाला सुमारे १४०० फेरे हा स्लो योग्य आहे. गिऱ्हाईक कितीही म्हणाले तरी त्याहून खूप खाली आणू नका.

हवेची वाट

फिल्टर पाहण्यात आळस होतो, कारण साइड कव्हर काढावे लागते. जुन्या गाड्यांत फोम असतो. तो रॉकेलमध्ये धुवा, पिळा, सुकवा, मग स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून पुन्हा दाबून जास्तीचे काढा. पेट्रोलने धुऊ नये, आगीचा धोका असतो. कोरडा फोम धूळ आत सोडतो आणि ब्लॉक घासतो. नव्या गाड्यांत तेल लावलेला कागदी फिल्टर येतो. तो धुवायचा नाही, हवा मारायची नाही, बदलायचा. पिठाच्या गिरणीजवळ, यंत्रमागाच्या गल्लीत किंवा वीटभट्टीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या कितीतरी आधी भरतो.

दुसरी चोरवाट म्हणजे कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधला जोड. तिथला ओ-रिंग कडक झाला की बाहेरची हवा आत जाते, स्लो चढ-उतार करतो आणि रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके वाजतात. चालू इंजिनाच्या या जोडावर ऑइलच्या कुपीने दोन-चार थेंब सोडा. स्लो बदलला तर हवा तिथूनच शिरते. काही जण पेट्रोल शिंपडून हीच परीक्षा करतात. तसे करू नका. फटाके वाजत असतील पण जोड पक्का असेल, तर सायलेन्सर हेडला बसतो तिथला गॅस्केट पाहा.

टॅपेट: कान नव्हे, गेज

आता पाववाल्याच्या गाडीकडे येऊ. टॅपेटचा आवाज गिऱ्हाइकाला आवडत नाही, आणि आवाज बंद केला की तो खूष होऊन पैसे देतो. म्हणून कानाने ऐकत टॅपेट कसण्याची पद्धत पडली. गॅप थोडी जास्त राहिली तर आवाज येतो, ताकद किंचित कमी होते, इतकेच. गॅप शून्य झाली तर व्हॉल्व्ह आपल्या जागेवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर टेकतो तेव्हाच आपली उष्णता हेडला देतो. टेकलाच नाही तर तो तापत राहतो, दाब निसटतो, स्लो जातो, आणि थोड्या महिन्यांत व्हॉल्व्हची कड जळते. मग मात्र हेड उघडावेच लागते.

काम थंड इंजिनावरच करायचे, रात्रभर उभ्या गाडीवर. डाव्या बाजूच्या कव्हरवरची दोन झाकणे काढा. क्रँकचा नट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि वरच्या खिडकीत 'टी'ची खूण कव्हरच्या खाचेसमोर आणा. मग दोन्ही रॉकर हाताने हलवून पाहा. दोन्ही किंचित सैल असतील तर पिस्टन दाबाच्या फेरीत वर आहे. एखादा घट्ट असेल तर पूर्ण एक फेरा आणखी फिरवून खूण पुन्हा जुळवा. ही तपासणी न करता गॅप लावणारे बरेच असतात आणि तिथेच चुकतात. जुन्या सीडी १०० व स्प्लेंडरमध्ये इनलेट व एक्झॉस्ट दोन्हींची गॅप ०.०५ मिलिमीटर आहे. इतर मॉडेलांत वेगळी असते, पुस्तिकेवरून घ्या. गेजचे पान किंचित अडकत सरकायला हवे. लॉक नट आवळल्यावर गॅप पुन्हा मोजा, कारण आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.

गॅप बरोबर असूनही आवाज राहिला तर टायमिंग चेन किंवा रॉकर झिजलेला असेल. तो आवाज टॅपेट कसून दाबू नये. गिऱ्हाइकाला तसे सरळ सांगावे.

हे सगळे ठीक असेल तर मगच दाब मोजायचा. प्लगच्या जागी काँप्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडी ठेवून किका मारा. दाब कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आता वाढला तर रिंग-ब्लॉक झिजले आहे, नाही वाढला तर व्हॉल्व्हमधून गळते आहे. ब्लॉक उघडण्याचा सल्ला गिऱ्हाइकाला या आकड्याच्या आधारे द्यावा. फिलर गेज, मल्टिमीटर आणि काँप्रेशन गेज या तिन्हींची किंमत एका चुकीच्या बोरिंगच्या आसपासच येते.

गॅरेजमध्ये एक जाड वही ठेवा. गाडीचा नंबर, किलोमीटर, गिऱ्हाइकाचे शब्द, काय सापडले, टॅपेटची गॅप किती होती व किती ठेवली, इतके लिहा. काढलेला पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्या, त्याने मागितला नसला तरी. पाववाल्याच्या गाडीचे टॅपेट कसल्याची नोंद कुठे असती, तर पहिल्याच गॅरेजमध्ये निदान झाले असते.

इंजेक्शनच्या गाड्या

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि लहान गाड्यांतही कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आले. इथे फिरवायचे स्क्रू नाहीत म्हणून पुष्कळ जुने कारागीर या गाड्या परत पाठवतात. तसे करायची गरज नाही. प्लग, एअर फिल्टर, टॅपेट, हवेचा जोड आणि दाब यांचे नियम जसेच्या तसे लागू आहेत. आधी मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा पाहा. चावी लावल्यावर तो पेटून इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. विझत नसेल तर कोड वाचल्याशिवाय सेन्सर बदलू नका. त्याहीआधी बॅटरी मोजा. पंप आणि कंट्रोल युनिट दोन्ही तिच्यावर चालतात, आणि अशक्त बॅटरीची गाडी अगदी पेट्रोल कमी पडल्यासारखी अडखळते. सेन्सरचे कनेक्टर काढताना चावी बंद ठेवा, आणि धुताना दाबाचे पाणी त्यांच्यावर मारू नका. फेरीवाल्यांना एक सांगून ठेवावे: रिझर्व्हवर रोज टाकी कोरडी होईपर्यंत गाडी पळवू नका. या गाड्यांत पंप टाकीच्या आत असतो आणि भोवतालचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते.